दोनशे बारावं वाक्य

आक्का,

वहीत एकूण दोनशे बारा वाक्यं आहेत. मी तीनदा मोजली, तिन्ही वेळा तेवढीच भरली. सात महिन्यांत तुझा एका दिवसाचाही खाडा नाही. गौरी-गणपतीत ब्लाउजांचा ढीग पडला होता तेव्हा नाही आणि ताप येऊन चार दिवस पडून होतीस तेव्हाही नाही. त्या चार दिवसांतलं अक्षर तेवढं वाकडं आहे.

तू गेलीस त्याला आज सत्तावीस दिवस झाले. तू कुठं जन्मलीस, कुठं शिवण शिकलीस, कधी विधवा झालीस, हे मी लिहिणार नाही. निपाणीत ज्यांना ते माहीत असायला पाहिजे त्यांना ते माहीत आहे. मला फक्त शेवटच्या वाक्याबद्दल लिहायचं आहे. पण शेवटचं वाक्य कळायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल. तुला सगळं ठाऊक आहे, तरी सांगतो. मधलं काही मी गाळलं तर तूच म्हणशील, दत्तू, चोरी करायला लागलास की रं.

तू जायच्या सात महिने आधी तुझ्या लेकीनं, रूपानं, तुला नवा फोन घेऊन दिला आणि फोनवरच गळ्याच्या नव्या फॅशनी शिकवायचा कुठलासा फुकट वर्ग काढून दिला. वर्ग सुरू व्हायच्या वेळेला तू मला फोन केलास. मी इकडं बेळगावला कारखान्यात होतो.

"दत्तू, पडद्यावर निळ्या चौकटीत जॉइन म्हणून आलंय. दाबू का नको?"

"दाब की."

"दाबल्यावर काय हुतंय?"

"तू वर्गात जाऊन बसतीस. बाकीच्या बायका आधीच बसल्यात, त्यांच्यात तू मिसळतीस."

मग म्हणालीस, "परत आला बघ ह्यो शबूद. सत्तेचाळीस वर्सांनी."

मला माहीत होतं तू कशाबद्दल बोलत होतीस. घरात सगळ्यांना माहीत होतं. सातवीच्या परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात दोन नद्यांचा उतारा होता. एक नदी दुसरीला जॉइन करते, असं त्यात होतं. अर्थ लिहा म्हणून सांगितलेलं. तू लिहिलंस, जोडते. मास्तरांना मिळते हवं होतं. त्यांनी तुला वर्गात उभं केलं आणि विचारलं, "नद्या काय सुईदोऱ्यानं शिवत्यात काय गं?" वर्ग हसला. तू घरी येऊन दप्तर खुंटीला लावलंस आणि पुन्हा काढलं नाहीस. आप्पांनी दोन दिवस समजावलं, तिसऱ्या दिवशी शिवणाच्या वर्गात घातलं. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. मला यातलं फक्त खुंटीवरचं दप्तर आठवतं.

त्या संध्याकाळी तू परत फोन केलास. "दत्तू, एका शबदाला किती अर्थ असत्यात रं?"

कुणी असं विचारलं की मी मोजायला बसतो, हा माझा जुना रोग. घरातला जाड शब्दकोश काढला आणि मोजून तुला सांगितलं, अकरा. बाही ब्लाउजला जोडणं. ठिपक्याला ठिपका रेघेनं जोडणं. रांगेत जाऊन उभं राहणं. नोकरीवर रुजू होणं. फौजेत भरती होणं. मंडळाचा सभासद होणं. कुणी जेवत असेल तर त्याच्या सोबतीला बसणं. कुणी गात असेल तर त्यात आपला आवाज मिसळणं. एकमेकांचे हात धरणं. पुढं गेलेल्याला मागून गाठणं. आणि अकरावा, नदीला नदी मिळणं.

"अकरा?" तू म्हणालीस. "एकच हाय की. दोन हुतं, एक झालं. त्याला काय अकरा नावं?"

"आक्का, पुस्तकात अकरा आकडे टाकलेत."

"पुस्तकवाल्याला काम न्हाय दुसरं."

तिथून वही सुरू झाली. खडेबाजारातून शंभर पानी वही आणि एक लाल पेन मी स्वतः आणून दिलं. नियमही मीच केले. रोज इंग्रजीत एक वाक्य लिहायचं. त्यात जॉइन हा शब्द पाहिजे. आणि वाक्य खरं पाहिजे, त्या दिवशी घडलेलं. गाइडातलं उतरवायचं नाही. सकाळी पानाचा फोटो मला पाठवायचा. मी त्या फोटोवर बोटानं लाल टिक करून दहापैकी मार्क देणार आणि परत पाठवणार. ते मार्क तू लाल पेनानं वहीत उतरवून घ्यायचेस.

तिसरा नियम ऐकून तू म्हणालीस, "खरंच लिवायचं? मग लई बारीकसारीक लिवावं लागंल. माझ्या दिवसात काय मोठं घडतंय?"

"बारीक चालतंय. पण खरं पाहिजे."

तुझी वाक्यं मी इथं मराठीतच देतो. इंग्रजीत ती कशी होती ते वहीत आहे. पहिलं वाक्य होतं, आज मी सहा बाह्या जोडल्या. दुसरं, आज मी चार बाह्या आणि एक कॉलर जोडली. पहिल्या चौसष्ट वाक्यांत बाही, कॉलर, लेस आणि अस्तर याशिवाय काही नाही. मी सहा, सात, कधी साडेसात देत होतो. मग तू हळूहळू मशीनवरून उठलीस. आज मी रेशनच्या रांगेत उभी राहिले, पण माझा नंबर यायच्या आत खिडकी बंद झाली. आज शेजारच्या गंगव्वाच्या दारात मी सत्तर ठिपके जोडले आणि एक चुकला. आज गल्लीच्या भजनात मी आवाज मिसळला आणि बायकांनी माझ्याकडं वळून बघितलं.

भजनाच्या वाक्याला मी नऊ दिले. आठवतंय? तू फोन करून भांडलीस.

"दहा का न्हाय? कुठं चुकलंय दाखव."

"चुकलं न्हाय. पण दहा म्हंजे ज्यात काढायला काय न्हाय. आमच्याकडं पार्टला केसाच्या दहाव्या भागाइतका फरक असला तरी मी बाजूला काढतो."

"मी काय पंपाचा पार्ट हाय काय रं?"

मंगल स्वयंपाकघरातून ऐकत होती. ती म्हणाली, "आक्का, ह्यांनी लग्नात मलासुद्धा नऊच दिल्यात." तुम्ही दोघी हसलात. मीही हसलो. पण दहा दिले नाहीत. उद्यमबागेतल्या कारखान्यात एकतीस वर्षं मी हेच काम करतो. पार्ट गेजमध्ये घालायचा, बसला तर पास, नाही बसला तर बाजूला. पार्ट कुठल्या पंपात जाणार, तो पंप कुणाच्या विहिरीवर बसणार, हे बघायचं काम माझं नाही. माझं काम मापाचं. तुझी वाक्यंही मी तशीच तपासली. शब्द बसतोय का, बसतोय. टिक.

वही आता सबंध वाचली तेव्हा हे दिसलं. तेव्हा दिसलं नव्हतं.

एकशे सदतिसावं वाक्य बघ. माझा भाऊ फोनवरून मला जॉइन होतो, बसमधून होत नाही. मी फोटोखाली लिहिलं होतं, अर्थ बरोबर, एक छोटा शब्द चुकला, आठ. त्या सात महिन्यांत तू बेळगावला अकरा वेळा आलीस. मी निपाणीला तीनदा आलो, त्यातलं एकदा लग्नासाठी, तुझ्यासाठी नव्हे. शहात्तर किलोमीटर. तू ते वाक्य हसत लिहिलंस की रागानं, हे मी विचारलं नाही. मी चुकलेला छोटा शब्द सांगितला आणि कारखान्याची बस पकडली.

शेवटची आलीस ती दिवाळीच्या आधी. खडेबाजारात आपण तुझ्या बटणांना आणि लेसला गेलो होतो. दुकानातल्या पोरीनं तुला फोन पुढं करून सांगितलं, "आंटी, आमच्या ग्रुपला जॉइन व्हा, नवीन माल आला की फोटो येतंय." तू तिथंच लेस खाली ठेवलीस आणि माझ्याकडं वळलीस.

"बारावा!"

"बारावा कसला? सभासद होणं. सहावा."

"ग्रुप कुठं हाय तुझ्या पुस्तकात? पुस्तक छापलं तवा फोन तरी हुता काय?"

"अर्थ तोच आहे आक्का."

"असं व्हय? आता तोच झाला? मग मी काय म्हणत हुतो, सगळं एकच म्हणून, तवा अकरा अकरा करत हुतास."

त्या पोरीला काही कळेना. तिनं विचारलं, "आंटी, मग जॉइन करू का नको?" तू म्हणालीस, "कर बाई, ह्याच्या नादाला लागू नकोस." दुकानातून बाहेर पडून आपण टिळकवाडीपर्यंत भांडत आलो, रिक्षावाला आरशातून बघत होता. तो वाद तसाच राहिला. पुढच्या खेपेला मिटवू म्हणालीस.

एक गोष्ट मात्र मी मोजली होती आणि तुला बोललो नव्हतो. दोनशे अकरा वाक्यांत तू अकरापैकी दहा अर्थ वापरले होतेस. नदीचा एकदाही नाही. तुझ्या घरापासून वेदगंगा काही लांब नाही, नदीवर तू धुणं धुतलंयस, पण नदी तुझ्या वहीत कधी आली नाही. का ते मला कळत होतं. मी वाट बघत होतो.

तो बुधवार होता. सकाळी सात चाळीसला मी टिळकवाडीत पहिल्या रेल्वे गेटाजवळ कारखान्याच्या बसची वाट बघत उभा होतो. तुझा फोटो आला. दोनशे बारावं वाक्य.

माझ्या डाव्या हाताची कळ खांद्यावरून वर जाते आणि जबड्याच्या कळेला मिळते.

इंग्रजीत एकही चूक नव्हती. आणि तो शब्द नदीसारखा वापरलेला होता. कळ उगम पावते, वर वाहते, दुसरीला मिळते. मास्तरांनी सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मागितला होता तोच अर्थ, तू आपण होऊन वापरलास, आणि पुस्तकात कुणी लिहिलं नसेल असा. मला इतका आनंद झाला की शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही मी सांगितलं, माझ्या बहिणीनं बघा काय लिहिलंय. मी फोटोवर मोठी टिक केली आणि लिहिलं, शाब्बास आक्का. नदी आली. दहापैकी दहा.

सात बावन्नला ते तुला गेलं. वाक्य आलं आणि मार्क गेले यात बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत काय झालं ते मी आता लिहितो, कारण तिसरा नियम माझाच आहे. त्या वाक्याचा अर्थ माझ्या डोक्यात आलाच नाही असं नाही. एकदा आला. बस वळणावर दिसली तेव्हा मनात आलं, आक्काचा हात दुखतोय वाटतं, मशीनवर बसून बसून असेल, संध्याकाळी फोन करू. मग बस आली. खिडकीजवळची जागा मिळाली. संध्याकाळी आमच्या सोसायटीत पाण्याच्या मोटरीवरून बैठक होती, किती फ्लॅटांनी किती वेळ पाणी घ्यायचं त्याचा तक्ता मीच केला होता. बैठक संपली, जेवलो, झोपलो. फोन केला नाही.

तुझं उत्तर आलं होतं. नुसतं दहा, आणि पुढं तीन उद्गारचिन्हं. मी उद्गारचिन्हं मोजली होती.

गुरुवारी सकाळी साडेसहाला गंगव्वानं तुला मशीनवर बघितलं. डोकं टेकून बसल्यागत. साडेनऊला मी पोचलो. रूपा कोगनोळीहून माझ्या आधी आली होती, दहा किलोमीटर तर अंतर. दवाखान्याच्या पायरीवर ती उभी होती. मला बघून रडली नाही. म्हणाली, "मामा, अटॅक म्हणत्यात. डॉक्टर इचारत हुते, कुणाला काय बोलल्या हुत्या काय, डावा हात दुखतोय, जबडा दुखतोय म्हणून. एक दिवस आधी आणलं असतं तर, म्हणाले. मला तर काय बोलली न्हाय. तुमाला बोललेली काय?"

मी म्हणालो, "न्हाय. मला काय बोलली न्हाय."

आक्का, शब्द शब्द बघितलं तर हे खोटं नव्हतं. तू बोलली नव्हतीस, लिहिलं होतंस. हे मी तिथंच, त्या पायरीवरच, मनात पडताळून बघितलं. तू आत होतीस, रूपा समोर उभी होती, आणि मी माझं वाक्य मापात बसतंय का ते तपासत होतो. बसलं. पास केलं.

तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर, सगळे अंगणात बसले होते. गंगव्वा डोळे पुसत पुसत सांगायला लागली. "अय्यो, बुधवारी संध्याकाळी आक्का किती खुश हुत्या ओ! हत्तक्के हत्तू म्हणत सगळ्या गल्लीत पेढे वाटल्या. भावानं दिलं म्हणल्या, दहाला दहा. मी म्हणलं, आक्का, घाम किती आलाय तुमाला, बसा की. न्हाय म्हणल्या, अजून चार घरं ऱ्हायल्यात." ऐकून बायका रडता रडता हसल्या. कुणीतरी म्हणालं, किती समाधानात गेल्या बघा. माझ्याकडं सगळ्यांनी कौतुकानं बघितलं. बहिणीला शेवटचा आनंद देणारा भाऊ. मी खाली मान घालून बसलो, त्यांना वाटलं दुःखानं.

तू पेढ्याच्या दुकानापर्यंत चालत गेलीस. तिथून घरापर्यंत चालत आलीस. मग घरोघरी. गल्लीत सव्वीस घरं आहेत. मी मार्क दिले नसते, नुसतं विचारलं असतं, कसली कळ गं, तर त्या संध्याकाळी तू कुठं गेली असतीस? हा हिशेब मी रोज करतो. तो सुटत नाही, कारण त्यातला एक आकडा माझ्याकडं नाही. ते वाक्य तू मला सांगायला लिहिलं होतंस, की खरं काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं होतंस? नदीचा अर्थ कुठंतरी वापरायचाच होता, आणि त्या दिवशी खरी गोष्ट हाताशी हीच होती, असंही असेल. फोन करून तू कधी दुखणं सांगितलं नाहीस. पण मी तुला रोज खरं लिहायला लावलं होतं. दुखणं सांगायची एकच वाट तुझ्यासाठी मी उघडी ठेवली होती, आणि त्या वाटेवर मी लाल पेन घेऊन बसलो होतो.

बाराव्याला सगळं आवरल्यावर रूपानं मशीनच्या खणातून वही काढली आणि माझ्या हातात दिली. "ही तुमची वही मामा. मी उघडली न्हाय. आईनं सांगितलेलं, हिला हात लावायचा न्हाय, मार्क मामाच बघणार."

वही मी पिशवीत घातली. निपाणीच्या स्टँडवर बसमध्ये बसलो तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की आता हे कुणाला कळणार नाही. फोनमधला फोटो मी पुसला की झालं. मला माझी लाज वाटली असं मी इथं लिहिलं तर ते खरं होणार नाही. लाज नंतर वाटली, संकेश्वरच्या पुढं. आधी हायसं वाटलं.

वही तेरा दिवस कपाटात, माझ्या शर्टांच्या खाली होती. चौथ्या दिवशी मंगलनं विचारलं, "अहो, आक्कांची वही तिथं का?" मी तिला वाक्य दाखवलं, पायरीवर काय बोललो तेही सांगितलं. ती बराच वेळ वाचत राहिली. मग म्हणाली, "रूपा विचारत होती तेव्हाच सांगायचं होतं." मी म्हणालो, सांगून आता काय होणार, तिला अजून त्रास. ती म्हणाली, "त्रास तिला होऊ नये म्हणून नाही सांगत, की तुम्हाला?" कारखान्यात चुकीचा पार्ट पास होऊन बाहेर गेला तर एक कागद भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो, पास कुणी केलं. एकतीस वर्षांत तो कागद मी दुसऱ्यांकडून भरून घेतलाय, कुणी टाळाटाळ केली की ओरडलोय.

रविवारी मी कोगनोळीला गेलो. आधी फोन केला नाही, फोन केला असता तर रद्द केलं असतं. नाक्यावर उतरून चालत गेलो. रूपा दारात तांदूळ निवडत बसली होती.

"मामा? एकटंच आलासा? मामी?"

"एकटाच. तुझ्या आईची वही आणलीय."

"ती तुमची."

"शेवटचं पान वाच."

तिनं सूप बाजूला ठेवलं, हात झटकले, वही घेतली. इंग्रजी तिला तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं येतं. एका ओळीला किती वेळ लागणार? पण ती त्या पानाकडं बघत राहिली. खाली तुझ्या हातानं लाल पेनानं उतरवलेले दहा होते, भोवती तू गोल केला होतास, गोलाला किरणं काढली होतीस, लहान पोरं सूर्य काढतात तशी.

"कधी आलतं हे?"

"बुधवारी. सात चाळीसला."

"आणि तुमी वाचलासा."

"वाचलं. मार्क दिले."

"मी इचारलं तवा तुमी न्हाय म्हणालासा."

"व्हय."

"मामा, वाचून कळलं न्हाय, ते मी समजू शकतो." तुझ्यासारखंच बोलते गं ती, पुरुषासारखं, मी समजू शकतो. "पण न्हाय म्हणालासा. पंचवीस दिवस मी सगळ्यांना इचारत फिरतोय. गंगव्वाला इचारलं. पेढेवाल्याला जाऊन इचारलं. आपल्या आईनं एकालाबी सांगितलं न्हाय, असं कसं एकटं ठेवलं आपण तिला, म्हणून मी रोज रडतोय. तिनं सांगितलेलं हुतं. कुणालातरी सांगितलेलं हुतं."

हे माझ्या कुठल्याही हिशेबात नव्हतं. लपवून मी तिला त्रासातून वाचवतोय असं मी स्वतःला सांगत होतो, आणि तिला हवी असलेली एकच गोष्ट माझ्या शर्टांच्या खाली होती.

ती आत गेली. चहा आणला. माझ्यापुढं ठेवला, पण नेहमीसारखं घ्या मामा म्हणाली नाही. मी लाल पेन बरोबर आणलं होतं. वहीत अडकवलेलं होतं, तुझंच. मी ते काढलं आणि म्हणालो, "हे दहा मी खोडतो."

तिनं वहीवर हात ठेवला. "खोडायचं न्हाय. ते तिचं हाईत. तिनं कमवल्यात."

"मग काय करू?"

"खाली लिवा. जे झालं ते. खरं लिवायचं ह्यो नियम तुमचाच की."

सात महिन्यांत मी त्या वहीत वाक्य कधी लिहिलं नव्हतं. मार्क आणि चुका तेवढ्या सांगितल्या. तुझ्या दोनशे बाराव्या वाक्याखाली दोन बोटं जागा होती. मी लिहिलं. इंग्रजीतच लिहिलं, कारण ती वही इंग्रजीची. मराठीत ते असं होतं. हे मी सात चाळीसला वाचलं, मला समजलं, आणि मी फोन केला नाही.

रूपानं वही आपल्याकडं फिरवून घेतली. वाचलं. बोट ओळीखालून शेवटपर्यंत नेलं, पोरांची वही तपासावी तसं.

"ह्यात तो शबूद न्हाय मामा."

"न्हाय."

"नियमात बसत न्हाय मग."

"न्हाय बसत."

अकरा की एक, ते आता मिटायचं नाही, आक्का. पण अकरांपैकी एकही अर्थ त्या दोन बोटं जागेत बसवायची माझी हिंमत झाली नाही. रूपानं लाल पेनाचं टोपण शोधलं, ते वहीच्या शिवणीत अडकलं होतं. टोपण लावून पेन तिनं आपल्याजवळच ठेवलं. वहीही ठेवून घेतली. टिक केली नाही, मार्क दिले नाहीत.

चहा गार झाला होता. तो मी प्यायलो आणि नाक्याकडं निघालो. वळणावर मागं बघितलं, ती दारातच होती, पान उघडून बसलेली. ती वरचं वाक्य वाचत होती की खालचं, ते तिथून दिसत नव्हतं.